सतरा मिलिमीटरची चकती

विजेरीची पारख आपल्याकडे भिंतीवर होते. दुकानात बटण दाबायचं, समोर पांढराफटक गोळा उमटला की मान डोलवायची आणि पैसे मोजायचे. खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा जितका मोठा तितका माल भारी, असा सरळ हिशोब. ज्याला या वस्तूची खरी गोडी लागली आहे तो मात्र दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतो. आधी तो विजेरी अगदी मंद करून बघतो. मग बंद करतो आणि बंद असताना ती सेलमधून किती प्रवाह ओढते आहे ते मीटर लावून मोजतो. झगमगाट करायला फारसं डोकं लागत नाही. पूर्ण अंधार आणि पहिला अंधुक उजेड यांच्यामधली जागा सांभाळायला लागतं, आणि ते डोकं असतं ड्रायव्हर नावाच्या गोल चकतीत.

एका १८६५० सेलवर चालणाऱ्या विजेरीत ही चकती बहुधा १७ मिलिमीटर व्यासाची असते. खालच्या अंगाला सेलवर टेकणारी स्प्रिंग, वरच्या अंगानं एलईडीकडे जाणाऱ्या दोन तारा, आणि मध्ये भुरकट-काळे चौकोनी ठिपके. उघडून दाखवली तर पाहणारा म्हणेल, यात काय बघायचं? बघायचं बरंच आहे. जगभरच्या हौशी मंडळींनी आणि चीनमधल्या छोट्या कारखानदारांनी मिळून या एवढ्याशा जागेत जी कारागिरी केली आहे, तिला दाद द्यायची तर एकेका ठिपक्याशी थांबत जावं लागतं.

सेल आणि एलईडी यांचं मुळातच जमत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. लिथियम-आयन सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो, मग साडेतीन-पावणेचारच्या दरम्यान बराच काळ रेंगाळतो आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू लागला की त्याला थांबवलेलं बरं. पांढऱ्या एलईडीला नीट पेटायला ३ व्होल्टच्या थोडं वर पुरतं. पण त्याचा स्वभाव असा की व्होल्टेज किंचित वाढलं तरी प्रवाह भसकन वाढतो. तो तापला की त्याच व्होल्टेजला आणखी प्रवाह पिऊ लागतो, त्यानं आणखी तापतो. म्हणून एलईडीला व्होल्टेज मोजून देऊन चालत नाही, प्रवाह मोजून द्यावा लागतो. सेल भरलेला असो की अर्धा, एलईडीतून जाणारा प्रवाह ठरला तेवढाच राहिला पाहिजे, एवढीच ड्रायव्हरकडून पहिली अपेक्षा.

ही अपेक्षा सर्वांत साधेपणानं पुरवली ती नान्जग १०५सी या चकतीनं. तिच्यावर एएमसी७१३५ नावाच्या आठ चिपा असतात, चार या बाजूला, चार त्या बाजूला. प्रत्येक चिप सुमारे ३५० मिलिॲम्पिअर प्रवाह जाऊ देते, त्याहून जास्त नाही. आठांचे मिळून २.८ ॲम्पिअर. मधोमध एटीटायनी१३ए हा आठ पायांचा मायक्रोकंट्रोलर. त्याच्या पोटात प्रोग्रॅमसाठी अवघा १ किलोबाइट. प्रवाह कमी हवा असेल तर एक-दोन चिपा डाख सोडवून काढायच्या, जास्त हवा असेल तर एकीच्या पाठीवर दुसरी बसवून पाय एकमेकांना डाखायचे. समांतर जोडलेल्या या चिपा आपापसांत भांडत नाहीत, प्रत्येकीनं आपला वाटा उचलायचा आणि बेरीज आपोआप होते. जुळवाजुळवीला इतकी मोकळीक देणारी रचना क्वचितच सापडते.

पण या चकतीतली खरी नजाकत दुसरीकडेच आहे आणि ती सहज निसटते. ७१३५ला तीन पाय: एक एलईडीकडून प्रवाह घेणारा, एक जमिनीला जोडलेला, आणि एक तिच्या स्वतःच्या पोषणासाठी. तिला चालू-बंद करण्यासाठी वेगळा पाय दिलेलाच नाही. साध्या वापरात पोषणाचा पाय सेलला कायमचा जोडून टाकतात. नान्जगच्या रचनाकारानं तो मायक्रोकंट्रोलरच्या पायाला जोडला. कंट्रोलरनं पाय वर केला की आठही चिपा जाग्या होतात, खाली केला की झोपतात, आणि झोपेत त्यांचा स्वतःचा खर्चही शून्य होतो. चिपेला लागणारं पोषण मिलिॲम्पिअरच्या अंशाइतकंच असल्यानं कंट्रोलरचा एक पाय आठजणींचा भार आरामात पेलतो. जो पाय फक्त अन्न पुरवण्यासाठी होता त्याच्याकडूनच लगामाचं काम करून घेतलं, एकही जास्तीचा सुटा भाग न लावता. अशा ठिकाणी मी नेहमी दोन क्षण थबकतो.

आता कार्यक्षमतेचं बोलू, कारण ७१३५वर पहिला आक्षेप तिथलाच असतो. ही चिप जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवते. सेल ४.२ व्होल्टवर असेल आणि एलईडीला ३.१ लागत असतील तर १.१ व्होल्ट वाया. कार्यक्षमता ७४ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा ऐकून नाक मुरडणारे पुष्कळ. पण सेल ४.२वर राहतो किती वेळ? भार पडल्याबरोबर तो खाली येतो. ३.७वर तोच हिशोब ८४ टक्के होतो आणि ३.४वर ९१. सेल रिकामा होत जातो तशी ही साधी चिप अधिकाधिक काटकसरी होत जाते. या व्होल्टेजच्या पट्ट्यात एका सेलवर एक ३ व्होल्टचा एलईडी चालवायचा असेल, तर गुंडाळी आणि खटपटी सर्किट लावून हाताला जे जास्तीचं लागतं ते थोडं असतं. खर्च, जागा आणि बिघाडाची शक्यता धरली तर कित्येकदा ते घाट्याचंच ठरतं.

उजेड कमी करायचा कसा, हा पुढचा प्रश्न. जुनी आणि सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे एलईडी भराभर चालू-बंद करायचा आणि चालू असण्याचा काळ आखूड करत न्यायचा. डोळा सरासरी घेतो. पण किती भराभर, यात चकतीची जात कळते. पावसाळ्यात सह्याद्रीत रात्रीचं चालणं ज्यांनी केलं आहे त्यांना हे कोणतंही उपकरण न वापरता तपासता येईल. पडता थेंब सेकंदाला साधारण सात मीटर येतो असं धरा. विजेरी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकत असेल तर दोन लुकलुकींच्या दरम्यान तो सात सेंटिमीटर सरकलेला असतो, आणि झोतात सलग रेघेऐवजी तुटक ठिपके दिसतात. चालत्या माणसाचे पायसुद्धा अडखळल्यासारखे दिसू लागतात. चांगल्या चकतीत हा वेग १६ हजारांच्या घरात असतो. तिथे दोन ठिपक्यांमध्ये अर्धा मिलिमीटरही अंतर उरत नाही. पाऊस पुन्हा पावसासारखा दिसतो.

लुकलुकण्यात आणखी एक तोटा दडलेला आहे, तो डोळ्यांना जाणवत नाही, सेलला जाणवतो. पांढरा एलईडी थोड्या प्रवाहावर प्रत्येक ॲम्पिअरमागे जास्त उजेड देतो, जोरात हाकला की कमी. २.८ ॲम्पिअरचे दशांश काळ टिकणारे ठोके आणि ०.२८ ॲम्पिअरचा अखंड प्रवाह, सेलमधून दोघांनाही सारखीच वीज जाते; उजेड मात्र दुसऱ्यात ठळकपणे जास्त. हे ओळखून हौशी मंडळींनी ‘एफईटी अधिक एक’ ही रचना काढली. आठांपैकी सात चिपा काढल्या, एकच ठेवली आणि शेजारी एक मॉसफेट (एफईटी), म्हणजे इलेक्ट्रॉनिक खटका, बसवला. मंद उजेडासाठी एकटी ७१३५, भडक उजेडासाठी मॉसफेट. मधला पल्ला तरीही उधळाच राहत होता, कारण तिथे मॉसफेट पूर्ण जोराचे ठोके देत होता. मग एक, सात आणि मॉसफेट असे तीन मार्ग झाले. आधी एक चिप हळूहळू उघडते. ती पूर्ण उघडली की तिला तसंच ठेवून सात चिपांचा गट उघडू लागतो. तो संपल्यावरच मॉसफेटची पाळी येते. म्हणजे रोजच्या वापरातले बहुतेक उजेड थोड्या प्रवाहाच्या, समंजस टापूत राहतात. तीनच मार्ग, पण त्यांच्या क्रमात केवढा विचार आहे पाहा.

मॉसफेटच्या या थेट मार्गाबद्दल मात्र माझं मत फारसं चांगलं नाही. तो चालू झाला की सेल आणि एलईडीच्या मध्ये जवळजवळ कोणीच उरत नाही. प्रवाह किती जाईल हे सेलचा आतला रोध, स्प्रिंग आणि तारा मिळून ठरवतात. म्हणून तर ही मंडळी स्प्रिंगवर तांब्याची तार डाखून तिचाही रोध कमी करतात. कागदावर ड्रायव्हरची कार्यक्षमता ९९ टक्के निघते, कारण मॉसफेटचा रोध काही मिलिओहमच असतो. पण उधळपट्टी नाहीशी झालेली नसते, ती एलईडीच्या अंगात गेलेली असते. तो मर्यादेबाहेर हाकला जातो, ॲम्पिअरमागचा उजेड घसरतो आणि नळी मिनिटाभरात हातात धरवत नाही. ड्रायव्हरचा टक्का वेगळा आणि विजेरीचा टक्का वेगळा, हे जाहिरातवाले कधी सांगत नाहीत. तरीही त्या मॉसफेटच्या पायाशी असलेला एक किरकोळ रेझिस्टर नजरेतून सुटू देऊ नका. तो मॉसफेटचं दार जमिनीकडे ओढून धरतो. सेल घातल्यावर कंट्रोलर भानावर येईपर्यंत जो क्षणांश जातो, तेवढ्यात त्याच्या पायांना धनी नसतो. हा रेझिस्टर नसेल तर त्या क्षणी दार आपसूक उघडू शकतं आणि सेल घालणाऱ्याच्या डोळ्यांवर पूर्ण झोत येऊ शकतो. पैशा-दोन पैशांची वस्तू, पण ती बसवणाऱ्याला वापरणाऱ्याची काळजी होती.

आता त्या मंद टोकाकडे जाऊ. इथे माझा जीव रमतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. अशा चकत्यांत बसणाऱ्या एटीटायनी८५ या कंट्रोलरचं घड्याळ सेकंदाला ८० लाख ठोके देतं. उजेडाच्या २५५ पायऱ्या धरल्या तर सर्वांत खालच्या पायरीवर ७१३५ जागी राहण्याचा काळ येतो सुमारे पाव मायक्रोसेकंद. अडचण अशी की एवढ्यात ती चिप जागीच होत नाही. तिला अंग झाडायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे पहिल्या दोन-तीन पायऱ्या मुक्याच राहतात, आणि चौथीला दिसणारा उजेड एका विजेरीत एवढा तर दुसऱ्या विजेरीत तेवढा. त्याच वेळी आणखी एक विसंगती. चांदण्याइतक्या उजेडाला एलईडीला एक-दोन मिलिॲम्पिअर पुरतात, आणि पूर्ण वेगानं धावणारा कंट्रोलर स्वतः त्याहून जास्त खातो. दिव्यापेक्षा दिव्याचा कारभारी महाग!

यावरचा तोडगा टॉयकीपर या नावानं लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरच्या अँड्युरिल या मुक्त फर्मवेअरमध्ये सापडतो. उजेड पुरेसा खाली आला की प्रोग्रॅम घड्याळाचाच वेग उतरवतो. घड्याळ मंदावलं की कंट्रोलरचा खर्च उतरतो, ही झाली पहिली बाजू. दुसरी बाजू अशी की त्याच घड्याळावर चालणारा ठोकाही लांबतो. घड्याळ चौपट मंद केलं तर पाव मायक्रोसेकंदाचा एक मायक्रोसेकंद होतो आणि ७१३५ला उठायला सवड मिळते. लुकलुकण्याचा वेग १६ हजारांवरून चारेक हजारांवर येतो, ही किंमत मोजावी लागते. पण एवढ्या अंधुक उजेडात ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. शिवाय दोन कामांच्या मधल्या वेळात कंट्रोलर डुलकी घेतो ते वेगळंच. एका निर्णयात दोन दुखणी बरी झाली आणि चकतीवर एकही नवा भाग आला नाही. सर्किटच्या मर्यादेवर सॉफ्टवेअरनं फुंकर घालावी, ती इतकी बेतानं घातलेली मी फार थोड्या वस्तूंत पाहिली आहे.

अँड्युरिलचा विषय निघालाच आहे तर त्याची चढण पाहू. बटण दाबून धरलं की उजेड खालच्या तळापासून वाढत जातो. कुठेही पायरी जाणवत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेत जावं तसा तो वर सरकतो. आत मात्र दीडशे पायऱ्या आहेत. त्या सारख्या अंतरावर ठेवल्या असत्या तर सगळा बदल सुरुवातीलाच उरकल्यासारखा वाटला असता आणि पुढे बराच वेळ काही घडलंच नसतं, कारण डोळा उजेडाची बेरीज करत नाही. दुप्पट उजेड वाटायचा असेल तर प्रत्यक्षात साधारण आठपट द्यावा लागतो. म्हणून पायऱ्यांचे आकडे घनाच्या वक्रावर मांडलेले असतात, आणि जिथे एक मार्ग संपून दुसरा सुरू होतो तिथला सांधाही त्याच वक्रात घासून बसवलेला असतो. एमिसार डी४ या चार एलईडींच्या विजेरीत हा सांधा ६५व्या पायरीवर येतो. तिथून जाताना उजेड एक निमिष लुकलुकतो. अनोळखी माणसाला तो दोष वाटेल. जाणकाराला कळतं, की एकट्या ७१३५ची हद्द इथे संपली. इथे बोट उचललं तर शंभर-दीडशे ल्युमेनचा, लुकलुक नसलेला, सर्वांत किफायतशीर उजेड मिळेल. वाटेवर मैलाचा दगड रोवून ठेवावा आणि तो फक्त वाटसरूलाच दिसावा, अशी ही सोय. आधीच्या एका फर्मवेअरचं नाव नार्सिल होतं. टॉल्किनच्या कथेत त्या नावाची तलवार मोडते आणि तिच्याच तुकड्यांतून अँड्युरिल घडते. या मंडळींना विनोदबुद्धीही आहे.

सेल किती उरला आहे, हे मोजण्याची तऱ्हा आणखी बघण्यासारखी. नान्जगच्या चकतीवर त्यासाठी दोन रेझिस्टर एकापाठोपाठ जोडलेले असतात, १९.१ आणि ४.७ किलोओहमचे. सेलचं व्होल्टेज त्यांच्यात वाटलं जातं आणि सुमारे पाचवा हिस्सा कंट्रोलरच्या मोजणीच्या पायावर येतो. कंट्रोलर तो स्वतःच्या आतल्या १.१ व्होल्टच्या मापाशी ताडून पाहतो. नान्जगच्या विजेरीत शेपटीला खटक्याचं बटण असतं, ते सेलच तोडून टाकतं, त्यामुळे इथवर सगळं ठीक. पण तेच दोन रेझिस्टर बाजूला इलेक्ट्रॉनिक बटण असलेल्या विजेरीत आणले तर? तिथे सेल कायम जोडलेला राहतो आणि त्या रेझिस्टरांतून १७० मायक्रोॲम्पिअरच्या आसपास प्रवाह रात्रंदिवस गळत राहतो. दिवसाला चार मिलिॲम्पिअर-तास, वर्षाला जवळजवळ दीड हजार. तीन हजारांचा सेल कपाटात पडल्या पडल्या वर्षभरात निम्मा रिकामा. वीज गेलेल्या रात्री बटण दाबल्यावर जे होतं त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं, आणि शिव्या मात्र सेलला बसतात.

एटीटायनी८५वरच्या चकत्यांत या गळतीवर जो उपाय झाला, त्याला मी या साऱ्या रचनेतलं सर्वांत सुंदर स्थळ म्हणेन. दोन्ही रेझिस्टर काढूनच टाकले. मग मोजायचं कसं? कंट्रोलरला सेलची वीज मिळतेच आहे. मोजणीच्या वेळी त्या विजेलाच माप मानायचं, आणि आतल्या १.१ व्होल्टच्या ठरलेल्या संदर्भाला मोजायची वस्तू मानायची. अज्ञाताच्या मापानं ज्ञात मोजायचं आणि भागाकारानं अज्ञात बाहेर काढायचं. सेल ४.२वर असेल तर १०२४ पैकी उत्तर २६८ येतं, ३ व्होल्टवर उतरला तर ३७५. सेल उतरतो तसा आकडा चढतो. बाहेर एकही भाग नाही, गळती नाही, आणि कंट्रोलरचा जो पाय मोकळा झाला तो दुसऱ्या कामाला उपलब्ध. आतला १.१ प्रत्येक चिपेत थोडा इकडेतिकडे असतो, म्हणून अँड्युरिलच्या नंतरच्या आवृत्त्यांत वापरणाऱ्याला हातानं दुरुस्ती करता येते. बंद अवस्थेत तीन वेळा बटण दाबलं की विजेरी सेलचं व्होल्टेज लुकलुकून सांगते: चार वेळा, थांबा, एकदा, म्हणजे ४.१. आणि शून्य कसं सांगायचं? एक निसटती, इतकी आखूड चमक की ती ‘काही नाही’ असंच म्हणते. ‘काहीच न करणं’ हे शून्याचं उत्तर असू शकलं असतं, पण मग बघणारा वाट पाहत राहिला असता. हा बारकावा ज्याला सुचला त्याला शंभर गुण.

सेल उतरला की काय करायचं, यातही सभ्यता आहे. व्होल्टेज २.९च्या आसपास आलं की विजेरी एकदम विझत नाही, आधी उजेड एक पायरी खाली घेते. भार हलका झाला की सेल थोडा सावरतो. पुन्हा उतरला की आणखी एक पायरी. अगदी शेवटीच ती बंद होते. उतरणीच्या वाटेवर असलेल्या माणसाला वाट संपवायला अवधी मिळतो.

खटक्याच्या बटणाच्या विजेरीतलं एक कसब इथेच नोंदवतो. तिथे बटण अर्धं दाबलं की कंट्रोलरची वीजच जाते. सुटल्यावर तो नव्यानं जन्मतो, आणि त्याला ठरवावं लागतं: मला टिचकी मारली होती की तासाभरापूर्वी बंद केलं होतं? टिचकी असेल तर पुढचा उजेड, नाहीतर पहिल्यापासून. पूर्वी यासाठी एक वेगळा कपॅसिटर लावत, त्यात किती विद्युतभार उरला यावरून काळ मोजत. थंडी-उन्हात तो अंदाज चुकायचा. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की कंट्रोलरच्या स्मृतीतले आकडे वीज गेल्यावर लगेच पुसले जात नाहीत, क्षणभर तग धरतात. काही कप्प्यांत ठरलेला आकडा लिहून ठेवायचा आणि उठल्यावर तो जागेवर आहे का ते पाहायचं. आहे, म्हणजे टिचकी. विस्कटला, म्हणजे बराच काळ गेला. कॉन्व्हॉय कंपनीच्या विजेऱ्यांत आलेल्या बिस्कॉटी या फर्मवेअरमध्ये ही युक्ती आहे. विसरण्याच्या वेगावरून काळ मोजणारी ही तऱ्हा ६४ बाइटच्या स्मृतीत बसते.

उष्णतेबद्दल थोडक्यात. तापमान मोजणारा अवयव कंट्रोलरच्या आत असतो, आणि कंट्रोलर एलईडीपासून काही अंतरावर. म्हणजे मिळणारी बातमी नेहमी शिळी. वाट पाहून एकदम उजेड तोडला तर तो वर-खाली हेलकावे खात बसतो. चांगला प्रोग्रॅम तापमान किती आहे यापेक्षा ते कोणत्या वेगानं चढतं आहे ते बघतो आणि हद्द यायच्या आधीच थोडं थोडं ओसरू लागतो. उजेड कमी झाला हे तुम्हाला घड्याळ लावूनच कळावं.

एलईडी ६ किंवा १२ व्होल्टचा असेल तर ही सगळी साधी कुटुंबं बाजूला ठेवावी लागतात; मग व्होल्टेज चढवणारा गुंडाळीचा बूस्ट ड्रायव्हर हवा, आणि ३ व्होल्टच्या एलईडीला एकापुढे एक दोन सेल असतील तर ते उतरवणारा बक. ९० टक्क्यांच्या वरची कार्यक्षमता तिथे सहज मिळते, प्रवाह अखंड असतो, पाऊसही ठिपक्यांचा दिसत नाही. पण खालच्या टोकाला यांची फजिती होते. प्रवाह मोजण्यासाठी वाटेत अगदी छोटा रोध ठेवलेला असतो, समजा १० मिलिओहम. ५ ॲम्पिअर वाहताना त्यावर ५० मिलिव्होल्ट मिळतात, मोजायला भरपूर. १ मिलिॲम्पिअरला मिळतात १० मायक्रोव्होल्ट, आणि मोजणाऱ्या ऑपॲम्पची स्वतःची चूक त्याहून मोठी असते. रोध मोठा करावा तर पूर्ण जोरात तोच तापेल. सुज्ञ रचनाकार दोन रोध ठेवतात, एक मोठा, एक छोटा, आणि उजेड ठरावीक पातळीखाली गेला की गुपचूप मापच बदलतात. सोन्याचा आणि धान्याचा काटा वेगवेगळा असतो हे कुणाला सांगावं लागत नाही. चकतीत ते सुचायला मात्र बरीच वर्षं गेली.

आता माझा निकाल. स्वतःसाठी अशी चकती कोणाकडून करवून घ्यायची झाली, तर एका सेलच्या विजेरीसाठी मी आजही एक अधिक सात ७१३५ हीच मागेन, मॉसफेट वगळून. बंद अवस्थेतला खर्च २० मायक्रोॲम्पिअरच्या आत हवा, म्हणजे वर्षाला पावणेदोनशे मिलिॲम्पिअर-तासांपेक्षा जास्त नको. सेल उलटा घातला तर चकती जळू नये, एवढा डायोड हवा. तुमच्याकडे मॉसफेटवाली विजेरी आधीच असेल तर ती सॅकमध्ये टाकण्यापूर्वी शेपटीचं झाकण पाव फेरा सैल करा. आट्यांवरचा ॲनोडाइजचा थर वीज वाहू देत नाही, तेवढ्यानं सर्किट तुटतं. न केल्यास कपड्यांच्या घडीत चुकून दाबली गेलेली विजेरी कापड जाळू शकते.